लाहाला गेले म्हणून

पोलीस ठाण्याच्या अंगणात मी उभी होते. जामिनाची अट होती, दर महिन्याला येऊन हजेरी द्यायची. हवालदार खुर्चीत बसून काडीनं दात कोरत होता. त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं, मी पेन घेऊन सही केली. सही बघून त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं शाईचा डबा आधीच उघडून ठेवला होता, माझ्या अंगठ्यासाठी. मग त्यानं भिंतीला टेकवलेला खराटा पायानं माझ्याकडे ढकलला.

"फुकट काम करानी सवय शे ना तुमले? मंग हाई आंगन झाडी टाक."

बाकावर बसलेले दोघे हसले. मी झाडलं. गुटख्याच्या पुड्या, विड्यांची थोटकं, उष्ट्या पत्रावळी, आणि जागोजाग त्यांच्या पिंका. ओल्या. खराट्याला चिकटत होत्या. त्या हातानं सोडवून मी पुढं झाडत गेले. जामीन त्यांच्या हातात होता. वर एक शेरा मारला असता, तर मी परत आत.

तो हवालदार उगाच तसं बोलला नव्हता. त्यानं माझ्या निकालातलं एक वाक्य ऐकलं होतं. ते वाक्य आमच्या भागात आता सगळ्यांना माहीत आहे. त्याच वाक्यावर मला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. गांजाच्या तस्करीत.

आमचा पाडा तोरणमाळच्या उताराला आहे. वर ज्वारी, मका, तूर. आमच्याकडे कोणाचं पीक एकट्यानं कापलं जात नाही. ज्याचं शेत तयार होतं तो आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगतो, उद्या माझ्याकडे लाहा आहे. सगळे जातात. कापायचं, बांधायचं, पेंढ्या डोक्यावरून खळ्यावर न्यायच्या. मजुरी कोणी देत नाही, कोणी मागत नाही. मजुरी मागणं म्हणजे त्याच्या घराला परकं म्हणणं. ज्याचं शेत तो जेवू घालतो, मोहाची पाजतो, आणि उद्या तुमच्याकडे लाहा असला की तो येतो. म्हातारी माणसंही येतात. काही जमलं नाही तर नुसती पाणी पाजत फिरतात. आणि लाहाला गेल्यावर कोणी पेंढी सोडून बघत नाही आत काय आहे ते. समोर ठेवलेली उचलायची. बघणं म्हणजे घरधन्याला चोर म्हणणं.

हे सगळं मला इथं लिहावं लागतंय याचीच मला चीड आहे. आम्हाला हे कोणी शिकवत नाही. आई जाते, आपण तिच्या मागं जातो.

त्या दिवशी आमच्या भाऊबंदांपैकी एकाच्या शेतात लाहा होता. मी त्याला दादा म्हणायची. मी बारावी झालेली, अंगणवाडीत मदतनीस. सुट्टी होती म्हणून गेले. आई गेली होती, मामा गेला होता, अर्धा पाडा होता. दुपारी मी डोक्यावर ज्वारीची पेंढी घेऊन खळ्यावर आले आणि खालून पोलिसांची गाडी आली.

पोलीस दिसले की डोंगरातली माणसं पळतात. जंगलात लाकूड तोडलं म्हणून मार, मोहाची गाळली म्हणून मार, काही केलं नाही म्हणूनही मार. पाय आपोआप पळतात. सगळे पळाले. आई पळाली, मामा पळाला. दादा तर सगळ्यांत आधी. मी थांबले. आश्रमशाळेत सरांनी शिकवलं होतं, आपण गुन्हा केला नसेल तर कायद्याला घाबरायचं नाही. मला ते खरं वाटलं होतं. जे पळाले ते सुटले, आणि शाळेतला धडा लक्षात ठेवला म्हणून मी सापडले.

पोलिसांनी खळ्यावरच्या पेंढ्या सोडल्या. चार-पाच पेंढ्यांच्या पोटात गांजा निघाला. वाळवून, दाबून, वर ज्वारीची ताटं लावून बांधलेला. मी बघतच राहिले. तो दादा आम्हाला बोलवून, आमच्या डोक्यावरून आपला माल वाहून नेत होता. लाहाच्या आड. म्हणजे आमच्या आयांनी, मावशांनी फुकट घाम गाळायचा आणि त्यानं तो बाजारात विकायचा. पोलिसांबद्दल मला जेवढी घृणा आहे त्याहून या माणसाबद्दल थोडी जास्त आहे. पोलीस निदान परके होते. तो मध्य प्रदेशात उतरला, आजवर कोणाला दिसला नाही. पोलिसांच्या कागदात तो फरार आहे.

साहेबानं मला विचारलं, "मजुरी कितली भेटस तुले?"

मी ताठ मानेनं सांगितलं, मजुरी नाही, लाहा आहे. तो म्हणाला, "फुकटमा कोन राबस वो?" मग माझ्या डोक्यावरची ज्वारी उतरवली आणि गांजाची पेंढी ठेवली. फोटो काढायचा होता. मी मान झटकली तर एकानं मागून वेणी धरली. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या जिल्ह्याच्या मोबाइलवर होता. गांजा तस्कर महिला जेरबंद. माझं लग्न ठरलेलं होतं, ते त्या फोटोनं मोडलं. अंगणवाडीतून काढलं. ज्या बायकांच्या लेकरांना मी खिचडी भरवली, त्यांना त्यांच्या नवऱ्यांनी माझ्याशी बोलू नका म्हणून सांगितलं.

खालच्या कोर्टात खटला उभा राहिला. खालच्या म्हणजे सपाटीवरच्या, आम्ही तसंच म्हणतो. शेत कोणाचं, हा पहिला प्रश्न. पाड्यातल्या कुत्र्यालाही माहीत आहे शेत कोणाचं. पण ती वनजमीन. दादाचा वनहक्काचा दावा कचेरीत पडलेला, सातबारा कोणाच्याच नावावर नाही. कागदावर त्या शेताला मालक नव्हता. खळ्यावर सापडलेली मी होते. मग मीच.

मला सरकारी खर्चानं वकील मिळाला होता. तो दर तारखेला घाईत यायचा आणि माझ्याशी बोलायच्या आधी माझ्या मागं उभ्या असलेल्या पोलीसबाईशी हसून बोलायचा. त्यानं एकच शिकवलं होतं. न्यायाधीश काहीही विचारोत, खोटं आहे, माहीत नाही, एवढंच म्हणायचं. मी त्याला लाहाचं सांगायला गेले तर हातानंच थांबवलं. मग युक्तिवादाच्या दिवशी तो उभा राहिला आणि भर कोर्टात म्हणाला, "साहेब, ही अडाणी आदिवासी बाई आहे. हिला ज्वारी आणि गांजा यातला फरक कळत नाही."

हे माझा वकील म्हणाला. माझ्या बाजूनं. पिंजऱ्यात मी उभी, आणि माझ्या अंगावर झुरळ चढल्यासारखं झालं. ज्वारी मला कळत नाही? ज्वारीच्या पिकात आमचा जन्म जातो. याच्या घरी भाकरी येते ती कोणत्या ताटाची हे यानं सांगावं. न्यायाधीश किंचित हसले. सरकारी वकीलही हसला. त्या खोलीत सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, मी माणूस म्हणून अर्धवट आहे. भांडण फक्त एवढंच होतं की त्या अर्धवटपणाची शिक्षा करायची की कीव.

त्याच्या आधीच माझा जबाब होऊन गेला होता. न्यायाधीशांनी विचारलं होतं, तू तिथं का होतीस? मी वकिलाचं ऐकलं नाही. मी खरं सांगितलं. लाहाला गेले होते, मजुरी घेतली नाही, पेंढीत काय आहे ते मी बघितलं नव्हतं. वकिलानं कपाळावर हात मारून घेतला, मला दिसलं. पण मला वाटलं, खरं तर आहे.

निकालात त्या खऱ्याचं काय झालं ते मी जेलमध्ये वाचलं. या कायद्यात आपण निर्दोष आहोत हे आरोपीनंच दाखवायचं असतं, असं त्यात होतं. आणि पुढं ते वाक्य होतं. कोणतीही व्यक्ती मोबदल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतात दिवसभर राबत नाही, म्हणून आरोपीचा त्या मालात हिस्सा होता असंच मानावं लागेल.

मी ते वाचलं. परत वाचलं. शिक्षेचं एवढं वाटलं नाही जेवढं याचं वाटलं. ज्यांच्या घरात पाण्याचा पेलासुद्धा हिशेबानं पुढे येतो, त्यांनी ठरवलं होतं की माणसं एकमेकांसाठी राबत नसतात. राबत असतील तर चोर असतील. एकानंही विचारलं नाही की लाहा म्हणजे काय. पाड्यावर येऊन बघितलं नाही. तोरणमाळला थंड हवा खायला दर सुट्टीत गाड्या भरून येतात, आमच्या पाड्यावरूनच जातात, खिडकीतून कुरकुऱ्यांची पाकिटं फेकत. पण लाहा म्हणजे काय ते कोणाला माहीत नाही.

जेलमध्ये माझं नाव गांजावाली. जेवणात अळ्या, न्हाणीघरात दार नाही. ते सांगत बसत नाही. वरच्या कोर्टात अपील दाखल झालं, काही काळानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवली, आणि मी जामिनावर बाहेर आले. पाड्यावर आले तेव्हा कळलं की लाहा बंद झाला होता.

कोणी ठराव केला नव्हता. माझ्या निकालानंतर कोणी कोणाला बोलावलंच नाही. गेल्या वर्षी आईची ज्वारी शेतात उभी राहिली, पाखरांनी खाल्ली, उरलेली तिनं एकटीनं कापली. या वर्षी ती घरोघर गेली. पाड्यातल्या शहाण्यांनी तोडगा सांगितला. येतो, पण तू सगळ्यांना दहा-दहा रुपये दे. सगळ्यांसमोर. म्हणजे ती मजुरी झाली. म्हणजे कोणी आम्हाला भागीदार म्हणणार नाही.

आईनं दिले. सकाळी शेताच्या बांधावर माणसं ओळीनं उभी राहिली आणि आई एकेकाच्या हातावर नोट ठेवत गेली. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. शेवटी मामा होता, आईचा थोरला भाऊ. ज्यानं तिला कडेवर खेळवलं. आईनं त्याच्याही हातावर नोट ठेवली. मामानं मूठ मिटली. दिवसभर काम केलं. संध्याकाळी आईनं भाकरी आणि उडदाची डाळ वाढली तेव्हा तो उठला, नोट चुलीजवळ ठेवली आणि न जेवता गेला.

मी माझ्या आयुष्यात बरीच घाण बघितली. त्या ठाण्याच्या अंगणात झाडलेली होती ती तर हाताला लागलेली. पण बहिणीनं भावाला मजुरी द्यावी आणि भावानं ती घ्यावी, याच्याइतकं घाणेरडं मी काही बघितलं नाही. आणि हे कोणी बंदूक रोखून करायला लावलं नव्हतं. एका वाक्यानं केलं होतं. माझ्या निकालातल्या.

दुसऱ्या दिवशी मामा आला. बाहेरच उकिडवा बसला.  मग आमच्या बोलीत म्हणाला की त्या दिवशी खळ्यावर मीही होतो, पेंढ्या मीही वाहिल्या, कोर्टाच्या कागदात साक्षीला माझंही नाव लिही. मी म्हटलं, मामा, तुलाही आत टाकतील. तो म्हणाला, "तू आत होतीस तेव्हा मी बाहेर काय मोठा सुखात होतो?"

अपिलाची सुनावणी जवळ आली म्हणून मॅडमचा निरोप आला. अपिलात मला मिळालेल्या वकील त्या. पहाटेची जीप, मग एसटी, मग दुसरी एसटी. मामा बरोबर होता. मॅडम चांगल्या आहेत, हे आधीच सांगते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. चहा मागवला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग एक कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, इथं अंगठा कर, म्हणजे सुटलीस बघ.

मी कागद उचलून वाचायला लागले. त्या गोंधळल्या. तुला वाचता येतं? असं त्यांच्या तोंडातून निघून गेलं. माझी फाईल त्यांच्या टेबलावर होती. शाळेचा दाखला फाईलमध्येच होता.

कागदात लिहिलं होतं की मी अशिक्षित, अज्ञानी व गरीब आदिवासी महिला असून माझ्या हातून झालेल्या गुन्ह्याचा मला पश्चात्ताप होत आहे. मॅडमनी समजावून सांगितलं. आपण दोषी आहोत की नाही यावर भांडायचंच नाही. फक्त शिक्षा कमी करा म्हणायचं. बरीच भोगून झालीये, तेवढी पुरे करा म्हणायचं. कोर्टाला दया येईल. परत जेलमध्ये जावं लागणार नाही. आणि भांडलो, आणि हरलो, तर उरलेली सगळी वर्षं आत.

त्या खरंच माझ्या भल्याचं बोलत होत्या. त्याचीच जास्त किळस आली. हवालदारानं खराटा ढकलला तो पायानं. मॅडमनी हा कागद पुढे केला तो डोक्यावरून हात फिरवून. दोघांनाही माझ्याकडून हवं होतं ते एकच. मी वाकायचं.

क्षणभर वाटलं, करून टाकावी सही. खोटं कशाला बोलू. ती न्हाणी आठवली. आई आठवली, एकटी ज्वारी कापणारी. पेन टेबलावरच होतं. बाजूला मामा बसला होता, खुर्चीच्या अगदी कडेला, जीव मुठीत धरून. त्याला मराठी फार कळत नाही, पण मी काय करते ते तो बघत होता.

मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला.

"मॅडम, मी लाहाला गेले होते असंच सांगा. मजुरी नव्हती असंच सांगा."

त्या म्हणाल्या, अगं, त्याच मुद्द्यावर तर तुला शिक्षा झाली.

"म्हणूनच," मी म्हटलं. "तेच चुकीचं लिहिलंय. मला तेच खोडून हवंय. दया नको."

मी मामाकडे बोट केलं. सांगितलं की हा त्या दिवशी तिथं होता, कोर्टात सांगायला तयार आहे. पाड्यातली आणखी माणसं तयार आहेत, मी फिरून बोलून आले आहे. खालच्या कोर्टात यांच्यातल्या एकालाही कोणी बोलावलं नव्हतं. मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. आता त्यांच्या आवाजातला गोडवा गेला होता, आणि खरं सांगते, मला त्या तेव्हा पहिल्यांदा आवडल्या. अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत, म्हणाल्या. अर्ज करून बघता येईल. पण ही माणसं तिथं होतो म्हणाली की पोलीस त्यांनाही आरोपी करू शकतात. विचार केलाय?

मी मामाला आमच्या बोलीत ते सांगितलं. मामानं मान हलवली, विचार केलाय अशी. मग मी मॅडमना म्हटलं, करू देत आरोपी. अख्खा डोंगर लाहाला जातो. सगळ्यांना भागीदार करा, मग जेल कुठं बांधायचं ते ठरवा. आणि अजून एक गोष्ट लिहून घ्या. उभं राहून मला अडाणी म्हणायचं नाही. मी हरले तरी चालेल, पण असं म्हणून जिंकायचं नाही.

 मॅडमनी तो कागद उभा फाडला आणि कोरा कागद घेतला. लाहा म्हणजे काय ते पहिल्यापासून सांग, म्हणाल्या. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मध्ये मध्ये त्या प्रश्न विचारायच्या आणि मी मामाला विचारून सांगायची. परतीची एसटी चुकली.

सुनावणी व्हायची आहे. काय होईल मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही, त्या तसं स्पष्ट म्हणतात. हजेरीला मी अजून जाते. सही करते आणि निघते. हवालदारानं परत एकदा खराटा दाखवला तेव्हा मी त्याला सांगितलं की हे काम हजेरीत येत नाही, येत असेल तर तसं लिहून द्या, मी कोर्टात दाखवते. त्यानं शिवी दिली. लिहून दिलं नाही.

परवा आमच्या पाड्यातल्या एका विधवेची तूर कापायची होती. ती कोणाला सांगायला आली नव्हती, धजावलीच नाही. मीच घरोघर गेले आणि सांगितलं, उद्या तिच्याकडे लाहा आहे. काहींनी दारं लावून घेतली. मामा आला, आई आली, आणखी काही बायका आल्या. कोणी नोट दिली नाही, कोणी घेतली नाही. दुपारी खालच्या रस्त्यानं पोलिसांची गाडी गेली. दोघी उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना म्हटलं, बसा खाली, कापा. त्या बसल्या.

जामिनावर असताना दुसऱ्याच्या शेतात दिवसभर फुकट राबले. कोर्टानं विचारलं तर हेच सांगणार आहे. न विचारता सांगणार आहे. आत टाकायचं असेल तर टाका, बाहेर आले की पुन्हा जाईन.